दाखला देण्याआधी त्या मुलाला एकदा विचारा

महाराष्ट्रातील शाळांचे मुख्याध्यापक, संस्थाचालक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावातील अनुदानित मराठी शाळेत गेली २३ वर्षे शिकवते आहे. पाचवी ते आठवीला मराठी हा माझा विषय, आणि सरलेल्या वर्षी मी सातवीच्या एका तुकडीची वर्गशिक्षिका होते. शाळेचे नाव मी देत नाही, कारण जे आमच्याकडे घडले ते आमच्या एका शाळेपुरतेच असते तर मी ते मुख्याध्यापकांच्या दालनातच बोलले असते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात निकालपत्रके तयार होत असताना आमच्याकडे एक बैठक झाली आणि तीत सात मुलांची यादी वाचून दाखवण्यात आली. १ मे रोजी निकाल घ्यायला पालक येतील तेव्हा या सात जणांच्या पालकांना बाजूला बोलावून ‘पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा, दाखला लगेच मिळेल’ असे सांगायचे ठरले. सातपैकी चार नावे माझ्या वर्गातील होती. मी विरोध केला आणि तो इतिवृत्तात नोंदवावा असेही म्हटले. नोंद झाली नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

यादीतील मुले कशी होती हे आपल्याला वेगळे सांगावे लागणार नाही, कारण अशी यादी बहुतेक शाळांत असते. कुठे कागदावर, कुठे शिक्षकांच्या खोलीत तोंडी. एक मुलगा तासभर जागेवर बसू शकत नाही. एक जण रागावला की हाताला येईल ते फेकतो. दोघे शिव्या देतात. एक जण धादांत खोटे बोलतो आणि पकडला गेला की हसतो. एकाने दोनदा दुसऱ्यांच्या दप्तरातून पैसे काढले. एक मुलगी मधल्या सुट्टीत शाळेतून निघून जाते. बैठकीत या प्रत्येकाबद्दल तीन-चार शिक्षक बोलले आणि ते जे बोलले ते बहुतेक खरे होते. परंतु पाऊण तासाच्या त्या चर्चेत या मुलांना स्वतःविषयी काय वाटते, शाळेच्या फाटकातून आत येताना त्यांच्या मनात काय असते, हा प्रश्न एकदाही निघाला नाही. मला या पत्रात त्याच प्रश्नाविषयी बोलायचे आहे.

आधी माझ्याच हातून घडलेली गोष्ट सांगते. गेल्या जुलैत मी वर्गाला ‘माझी ओळख’ या विषयावर दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. वस्तू फेकणाऱ्या त्या मुलाने, नाव आणि इयत्ता धरून, सहाच ओळी लिहिल्या. ‘मी सातवी ब मधे शीकतो. मी मस्तीखोर आहे. माझ्यामुळे वर्गाला त्रास होतो. मी बहुतेक वर्गाच्या बाहेर असतो. मला सूधारायचे आहे असे सर म्हणतात.’ मी लाल शाईने ‘मध्ये’, ‘शिकतो’ आणि ‘सुधारायचे’ हे शब्द दुरुस्त केले, पाचपैकी दोन गुण दिले आणि खाली ‘अक्षर सुधारणे’ असा शेरा लिहून वही परत केली. दिवाळीच्या सुट्टीनंतर वह्या पुन्हा तपासायला घेतल्या तेव्हा ते पान परत समोर आले, आणि तेव्हा कुठे मला दिसले की बारा वर्षांच्या मुलाने स्वतःची ओळख म्हणून आम्ही त्याच्याविषयी वेळोवेळी काढलेले उद्गार उतरवून काढले होते. त्यात त्याचे गाव नव्हते, आई नव्हती, आवडता खेळ नव्हता. सुधारण्याची इच्छासुद्धा त्याने स्वतःची म्हणून लिहिली नव्हती. ती सरांच्या नावावर होती.

त्यानंतर मार्चपर्यंत मी माझ्या ऑफ तासांत ग्रंथालयाच्या खोलीत एकेका मुलाला बोलावून बोलत गेले. एकूण १९ मुलांशी बोलले. मी समुपदेशक नाही आणि याला मी संशोधनही म्हणत नाही. मी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारत असे: शाळेत तुला सगळे कोण म्हणून ओळखतात, तू स्वतःला कसा समजतोस, आणि शाळेत तुला कुठे बरे वाटते. तिसऱ्या प्रश्नाला पाण्याच्या टाकीजवळ, मैदानाच्या भिंतीपाशी, प्रयोगशाळेच्या मागच्या पायरीवर, सायकली लावतो तिथे अशी उत्तरे आली. १९ पैकी एकानेही वर्गाचे नाव घेतले नाही.

एका मुलाचे बोलणे मी त्याच दिवशी टिपून ठेवले होते. ‘मॅडम, मी चांगला वागलो तर कुणाला कळत नाही. वाईट वागलो की लगेच कळतं. आणि काही केलं नसलं तरी आधी माझंच नाव घेतात, मग मी म्हणतो, केलंच पाहिजे.’ या तीन वाक्यांत त्याने जे सांगितले ते आम्हा प्रशिक्षित माणसांना वर्षभरात उमगले नव्हते. आपण वाईट आहोत असे ज्याला आधीच सांगून झालेले असते त्याला चांगले वागून काही मिळवायचे उरत नाही, आणि वाईट वागून गमवायचेही उरत नाही.

दुसरा मुलगा, खोटे बोलणारा, याच्या अगदी उलट बोलला. तो म्हणाला, मी वर्गात सगळ्यांत हुशार आहे, मी अभ्यास केला तर पहिला येईन, मला सगळे घाबरतात. त्याला सलग वाचता येत नाही. पूर्वी मी याला उद्धटपणा म्हटले असते. परंतु या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी हे नोंदवून ठेवले आहे की अवधान टिकवण्यात अडचण असलेली, म्हणजे आज आपण एडीएचडी म्हणतो तशी, पुष्कळ मुले आपल्या क्षमतेबद्दल प्रत्यक्षाहून बरेच चढवून सांगतात, आणि ज्या बाबतीत ती सर्वांत मागे असतात तिथेच हे चढवणे अधिक असते. मला स्वतःला त्या मुलाकडे पाहून असे वाटते की त्याने उघडे पडू नये म्हणून काहीतरी अंगावर ओढून घेतले आहे, आणि ते चारचौघांत ओढून काढणे हे आमचे काम नव्हे. आम्ही मात्र ते वर्षभर केले. ‘एवढा हुशार आहेस ना, मग वाच पाहू’ असे म्हणून त्याला उभे करणाऱ्यांत मीही होते.

तिसरी मुलगी यादीत नव्हती, आणि ती यादीत नव्हती हेच मला अधिक काळजीचे वाटते. ती कोणाला त्रास देत नाही. तिच्या प्रगतिपुस्तकात सलग तीन वर्षे ‘शांत व गुणी’ अशी नोंद आहे. चाचणीच्या दिवशी तिचे पोट दुखते, तळहातांना एवढा घाम येतो की कागद ओला होतो, आणि ती मधल्या सुट्टीत एकटी बसते. ‘तू स्वतःला कशी समजतेस’ या प्रश्नावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘मी असले काय, नसले काय, वर्गात तसा फरक पडत नाही.’ जे मूल आपले दुःख दुसऱ्याच्या अंगावर फेकते ते आपल्याला दिसते. जे गिळून टाकते ते आपल्याला आदर्श विद्यार्थी वाटते.

आणि चौथा, शिव्या देणाऱ्या दोघांपैकी एक. ‘शाळेत कुठे बरे वाटते’ असे विचारताच तो लगेच म्हणाला, खिचडीच्या शेडमध्ये. मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिले. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी त्याला हाक मारून बोलावतात, तो ताटे मोजतो, रांग लावतो, लहान वर्गातल्या कोणाला वाढायचे राहिले आहे हे मावशींच्या आधी त्याच्या लक्षात येते. सांडलेली आमटी तो न सांगता पुसतो. त्या अर्ध्या तासात त्याच्या तोंडून एकही शिवी आली नाही. मावशी म्हणाल्या, ‘हा नसला की माझी पंगत अडते.’ ज्या मुलाशिवाय पंगत अडते आणि जो वर्ग अडवतो ते मूल एकच आहे, हे आमच्या कोणत्याही नोंदवहीत लिहिलेले नाही. बैठकीला मावशींना कोणी बोलावले नव्हते.

आता माझ्या तक्रारी. त्या मी माझ्यासह सर्वांविरुद्ध मांडते आहे.

पहिली तक्रार नोंदींची. आपण फक्त गुन्हे लिहून ठेवतो. हजेरीपटात काही नावांपुढे पेन्सिलीने ठिपके असतात; शेरा वहीत तारीखवार प्रसंग असतात. बैठकीत ज्याच्याविषयी सर्वांत अधिक बोलले गेले त्याच्या वर्षभराच्या नोंदी मी मोजल्या. त्या १४ दिवसांच्या होत्या. सहावी ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्याने वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरावी असे ठरवून दिले आहे. तो गैरहजर राहिलेले काही दिवस वजा केले तरी दीडशेहून अधिक दिवस तो आला, बसला, कसाबसा का होईना त्याने स्वतःला सावरले, आणि त्यांतील एकाही दिवसाची कुठे ओळ नाही. मग वर्षाअखेर त्याचे वर्तन आपण या चौदा पानांवरून ठरवतो आणि तोही तसेच ठरवतो.

दुसरी तक्रार प्रगतिपुस्तकाची. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मध्ये आले तेव्हा वर्णनात्मक नोंदींचा हेतू फार चांगला होता. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक अशा रकान्यांत शिक्षकाने स्वतः पाहिलेले लिहावे, म्हणजे मुलाला आणि पालकांना गुणांपलीकडचे काही कळेल. आज या नोंदी व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तयार यादीतून उतरवल्या जातात. मीही उतरवल्या आहेत. ‘वर्गात लक्ष देणे आवश्यक’ हे वाक्य मी पहिल्या सत्रात नऊ मुलांना दिले, आणि खिचडीच्या शेडमधल्या त्या मुलाच्या ‘आवड व छंद’ या रकान्यात ‘क्रिकेट’ लिहिले. त्याला क्रिकेट आवडत नाही.

तिसरी तक्रार शिक्षांची. छडी बऱ्याच ठिकाणी गेली हे मान्य आहे. परंतु फळ्याच्या कोपऱ्यात ‘बोलणारी मुले’ म्हणून नावे लिहिणे, मुलाला दाराबाहेर उभे करणे, त्याचा बाक वेगळा काढून भिंतीला लावणे, परिपाठाला सर्वांसमोर नाव पुकारणे हे सर्रास चालते आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. आमच्या एका तुकडीत मॉनिटर तास सुरू होण्याआधीच एका मुलाचे नाव लिहून ठेवत असे. पुढे लिहावेच लागणार म्हणून. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई आहे आणि ती मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई सांगितली आहे. जे मूल दिवसातून चार वेळा वर्गाबाहेर उभे असते ते जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला ‘बाहेर उभे असलेले मूल’ म्हणून माहीत होते, आणि वर्षभरात त्याची तीच ओळख होते.

चौथी तक्रार लहान आहे, पण मला ती सर्वांत जास्त टोचते. जूनमध्ये वर्ग बदलतो, वर्गशिक्षक बदलतात, आणि पहिल्याच दिवशी आपण नव्या वर्गशिक्षकाला सांगतो, ‘याच्यावर लक्ष ठेवा.’ इतर मुलांना नवे वर्ष मिळते. याला मागचेच मिळते.

पाचवी तक्रार मदत न मिळण्याची, आणि ती शासनापर्यंत जाते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली, तेव्हा १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींत मानसिक विकार आढळले होते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, परंतु आपल्याकडचे चित्र फार निराळे असेल असे मानायला मला कारण दिसत नाही. ५८ मुलांच्या माझ्या वर्गाला तो आकडा लावला तर चार मुले होतात. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि त्याच्या पथकाने वर्षातून एकदा शाळेत येऊन ज्या ३० बाबी तपासायच्या असतात त्यांत अध्ययनातील अडचणी आणि एडीएचडी यांचा समावेश आहे. आमच्याकडे पथक आले तेव्हा वजन, उंची, दात, डोळे तपासले गेले. एका दिवसात एवढी मुले तपासायची म्हटल्यावर एखाद्या मुलाचे लक्ष का लागत नाही हे डॉक्टरांना दिसणार तरी कसे? त्यांना ते आम्ही आधी सांगायला हवे होते, आणि आम्ही सांगितले नाही. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता, स्वमग्नता आणि मानसिक आजार आहेत, मात्र एडीएचडी हे नाव स्वतंत्रपणे नाही. आणि ज्याचे वागणे घरातील दारूमुळे, आई गेल्यामुळे किंवा दर वर्षी ऊसतोडीला जावे लागल्यामुळे बिघडले आहे ते मूल तर कोणत्याच प्रमाणपत्रात बसत नाही. अशा मुलासाठी शाळेत एकच कागद तयार असतो, तो म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला.

सहावी तक्रार त्या दाखल्याची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत अनुत्तीर्ण मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, परंतु काढून टाकण्यावरची बंदी कायम राहिली. हे सर्वांना ठाऊक असल्यामुळेच काढून टाकणे या शब्दाचा वापर होत नाही. पालकांकडून अर्ज लिहून घेतला जातो आणि दाखल्यावर शाळा सोडण्याचे कारण म्हणून ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहिले जाते. कलम ५ ने दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क बालकाला दिला आहे. तो त्याच्या गळ्यात बांधण्यासाठी दिलेला नाही. १ मे रोजी आमच्याकडे या अर्जाचा नमुना छापून तयार होता. फक्त नाव आणि सही करायची होती. एका आईने मला विचारले, ‘बाई, सही नाही केली तर त्याला नापास कराल का?’ तिला कोणी तसे म्हटले नव्हते. पण तिला तसे वाटले, आणि तिने सही केली. त्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ या रकान्यात आपण ‘चांगली’ असेच लिहिणार आहोत, कारण सगळ्यांनाच तसे लिहितात. वर्षभर त्या मुलाने जो एक शब्द ऐकायला हवा होता तो त्याला शाळा सोडताना कागदावर मिळेल.

या मुलांचे पुढे काय होते तेही आपण पाहतो. ती बहुधा जवळच्या नगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात, जिथे पट टिकवण्यासाठी एकेका मुलाचे मोल असते. तिथले शिक्षक त्यांना सामावून घेतात आणि काही मुले तिथे रमतातही. हे मी कौतुकाने लिहिते आहे. परंतु अनेक जण दोन महिन्यांत कुठल्यातरी गॅरेजवर दिसू लागतात. ज्याला एका शाळेने नको म्हटले आहे तो दुसऱ्या शाळेत बसताना पुन्हा नको म्हटले जाण्याची वाट पाहत बसतो.

इतर पालकांचे काय, असे मला बैठकीत विचारण्यात आले आणि तो प्रश्न रास्त आहे. जानेवारीत वस्तू फेकणाऱ्या त्या मुलाने फेकलेली कंपासपेटी दुसऱ्या मुलाच्या भुवईच्या वर लागली आणि तीन टाके पडले. त्या मुलाला दवाखान्यात मीच नेले होते, टाके घालताना त्याने माझा हात धरला होता, आणि संध्याकाळी त्याच्या वडिलांचा राग मी ऐकून घेतला. तो राग योग्यच होता. उरलेल्या ५७ मुलांना सुरक्षित वर्गात शिकण्याचा पूर्ण हक्क आहे आणि तो राखणे हे माझे काम आहे. मी कोणाचेही वागणे पोटात घालावे असे म्हणत नाही. परंतु त्या घटनेनंतर आम्ही काय केले? त्या मुलाला आठ दिवस कार्यालयासमोर बसवले. त्या आठ दिवसांत कोणीही त्याला विचारले नाही की त्या क्षणी नेमके काय झाले. फेब्रुवारीत मी विचारले. त्याने सांगितले की फळ्यावर नाव लिहिताना मुले हसली आणि कानात काहीतरी वाजू लागले. पेटी हातातून गेल्यावर त्याला कळले. मग त्याने विचारले, ‘त्याचे टाके काढले का?’ हे जानेवारीतच कळले असते तर फळ्यावर नावे लिहिणे आम्हाला त्याच दिवशी थांबवता आले असते आणि पुढच्या वेळी कोणाला लागले नसते. मुलाचे म्हणणे ऐकण्याने जखमी झालेल्या मुलाचाही फायदाच होता.

शिक्षकांवर सगळा भार टाकून मोकळे होण्याचाही माझा हेतू नाही. सहावी ते आठवीसाठी एका शिक्षकामागे ३५ मुले हे कायद्यातील प्रमाण आहे, आणि माझ्या वर्गात ५८ होती. त्यात निवडणुकीची कामे आणि रोज भरायची ऑनलाइन माहिती. माझे सहकारी वाईट माणसे नाहीत. त्यांतल्या एकाने याच मुलांपैकी एकाला दोन वर्षे स्वतःच्या पैशाने वह्या घेऊन दिल्या आणि बैठकीत त्याच्याच दाखल्याला हात वर केला, कारण तो थकला होता. थकलेल्या शिक्षकाला मदत द्यायची सोडून त्याच्या समोरून मूल हलवणे हा उपाय आहे असे मला वाटत नाही, कारण पुढच्या वर्षी त्या बाकावर दुसरे मूल येईल.

म्हणून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

आठवीपर्यंतच्या कोणत्याही मुलाच्या पालकांना दाखला घेण्यास सुचवणे तत्काळ बंद व्हावे. वर्तनाबद्दल तक्रारी असलेल्या मुलाचा दाखल्यासाठी अर्ज आलाच, तर तो देण्याआधी गटशिक्षणाधिकाऱ्यांनी किंवा त्यांच्या वतीने केंद्रप्रमुखांनी, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, पालकांना आणि मुलाला शाळेच्या लोकांच्या गैरहजेरीत भेटून विचारावे.

मुलाविरुद्ध कोणतीही कारवाई करण्याआधी त्याचे स्वतःचे म्हणणे घेतले जावे. लिहिता येत असेल तर लिहून, नाहीतर त्याने निवडलेल्या शिक्षकाकडे तोंडी, आणि ते शिक्षकांच्या तक्रारीशेजारी जोडून ठेवावे. यासाठी एक रुपयाही लागत नाही. बालहक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली आणि त्याच्या बाराव्या अनुच्छेदात मुलाला आपल्याविषयीच्या निर्णयात म्हणणे मांडण्याचा हक्क दिलेला आहे. आपल्याच शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ मुलाला भयमुक्त ठेवावे आणि मोकळेपणाने मत मांडण्यास मदत करावी असे सांगते.

फळ्यावर नावे, दाराबाहेर उभे करणे, वेगळा बाक आणि परिपाठातील नामोच्चार बंद करावेत, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्याच सभेत तसा ठराव व्हावा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांनी ‘आमच्या मुलाला त्या मुलाशेजारी बसवू नका’ या मागणीबरोबर हा ठरावही हाती घ्यावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.

समुपदेशक द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली त्यांत १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा तज्ज्ञांकडून प्रशिक्षण मिळावे, असे म्हटले आहे. सार्वजनिक मानहानी टाळावी असेही त्यांत आहे. संस्थाचालकांनी हे पद भरावे, शासनाने अनुदानित शाळांच्या संचमान्यतेत, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, त्याला जागा द्यावी, आणि वाड्यावस्त्यांवरील लहान शाळांसाठी निदान प्रत्येक केंद्राला एक व्यक्ती नेमावी. तोपर्यंत शासनाच्या ‘टेलीमानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वर्गात लावावा, तो विनाशुल्क आहे आणि अनेक पालकांना माहीत नाही.

बालस्वास्थ्य पथक येण्याआधी वर्गशिक्षकांनी ज्यांची काळजी वाटते अशा मुलांची नावे कारणांसह पथकाला द्यावीत, आणि त्यांत गप्प बसणाऱ्या मुलांची नावे विसरू नयेत. जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीसाठी पाठवलेल्या मुलाच्या पालकाचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देण्याची सोय व्हावी. ती नसेल तर चिठ्ठी दप्तरातच राहते, हे मी पाहिले आहे.

प्रगतिपुस्तकात प्रत्येक मुलाविषयी वर्गशिक्षकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक तरी गोष्ट असावी. ही मागणी माझ्याकडूनच सुरू होते. दुसऱ्या सत्राच्या नोंदीत मी त्या मुलाच्या आवडीच्या रकान्यात ‘पंगतीची व्यवस्था उत्तम पाहतो, लहानांकडे लक्ष असते’ असे लिहिले. निकालाच्या दिवशी त्याने ते तिथेच उभे राहून वाचले, मग आईला वाचून दाखवले, आणि मग मावशींना दाखवायला शेडकडे गेला. शेड बंद होते. त्यानंतर दहा मिनिटांनी त्याच्या आईला कार्यालयात बोलावून अर्ज पुढे केला गेला.

सातपैकी पाच पालकांनी त्या दिवशी सह्या केल्या. त्यांत माझ्या वर्गातील तिघे आहेत. दाखले अजून लिहिले गेलेले नाहीत. अर्ज कार्यालयाच्या कपाटात आहेत आणि पालकांना ते मागे घेता येतात. मी या सुट्टीत त्या तिघांच्या घरी जाऊन आले. दोन घरी अर्ज मागे घ्यायची तयारी आहे, तिसऱ्या घराला कुलूप आहे. ते कामासाठी बाहेर गेले आहेत असे शेजाऱ्यांनी सांगितले. आमच्या मुख्याध्यापकांना आणि व्यवस्थापनाला माझी या पत्राद्वारे जाहीर विनंती आहे की १५ जूनपूर्वी ती बैठक पुन्हा बोलवावी, माझा विरोध इतिवृत्तात नोंदवावा, सातही मुलांना त्यांच्या पालकांसह आपले म्हणणे मांडण्यासाठी बोलवावे, आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींनाही बोलवावे. ज्या इतर शाळांत अशी यादी तयार झाली आहे त्यांनीही शाळा उघडण्याआधी हेच करावे.

आपली,
सातवीची एक वर्गशिक्षिका